तांबटीण आणि फरशीचे सांधे

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही. त्याच्या नगरीतली फरशी मात्र लोकांच्या बोलण्यात अजून आहे.

ती नगरी डोंगराच्या पायथ्याशी होती. डोंगरात काळाभोर दगड निघायचा. पाथरवट तो घडवायचे, घासायचे, आणि घरोघर त्याची चौकोनी फरशी बसायची. दोन फरशांच्या मधे बोटभर सांधा, आणि सांध्यात पांढराशुभ्र चुना. काळ्या जमिनीवर कुणी तांदळाच्या पिठाच्या रेघा ओढल्यात असं वाटावं! दुसऱ्या गावी पाहुणी आली की आधी चूल बघते. या नगरीत पाहुणीची नजर आधी खाली जायची. सांधे पांढरे असले तर ती पाटावर टेकायची. काळे असले तर उभ्या उभ्याच म्हणायची, "बसत नाही हो, घाईत आहे."

या नगरीत एक तांबट आणि त्याची बायको राहायची. तांबट दिवसभर ओसरीवर हंडे-घागरी ठोकायचा. तांबटीण स्वभावानं गरीब, देवावर भरवसा ठेवणारी. एकादशी कधी चुकली नाही, दिव्यात तेल कधी कमी पडलं नाही. तिला एकुलती एक लेक होती, शेवंती. लहानपणी शेवंती सगळं घर एका फरशीवरून दुसरीवर उड्या मारत फिरायची. सांध्यावर पाय पडू द्यायची नाही. म्हणायची, "रेघेवर पाय दिला की सासरी जावं लागतं!" तांबटीण हसून म्हणायची, "मग मार उड्या, कितीक दिवस मारतेस बघू."

उड्या संपल्या. शेवंती नदीपलीकडच्या गावी सासरी गेली. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मंगळागौरीला माहेरी आली, ती शेवटची. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

तीन वर्षं म्हणजे किती, ते आईला विचारावं. तांबटीण भाकऱ्या करायला बसली की हात आपसूक एक उंडा जास्त करायचा. संध्याकाळी नाव आली की ती काही ना काही निमित्तानं घाटावर जायची. कधी कळशी घासायला, कधी नुसतीच. नावेतून इतरांच्या लेकी उतरायच्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात बोचकं. शेवटची बाई उतरेपर्यंत ती थांबायची. मग नावाडी दोर बांधायला लागला की घरी परतायची.

तीनदा तिनं मुराळी पाठवला, लेकीला माहेरी आणायला. तिन्हीदा तो एकटाच परत आला. "विहीणबाई म्हणाल्या, सूनच यायचं नको म्हणते."

"असं का गं करते माझी पोर?" ती शेजारणीला विचारायची. "मी काय केलं तिचं?"

शेजारीण म्हणाली, "अगं, एक व्रत सांगते. सोळा शुक्रवार कर. पहाटे उठावं, कुणाशी बोलू नये. नदीचं पाणी आणावं, त्यानं घर पुसावं, आणि देवीला म्हणावं, आई, घर तयार आहे, लेकीला पाठव. सोळावा शुक्रवार गौरींच्या तोंडावर येतोय. बघ, येते की नाही."

वैशाख सरत आला होता. तांबटिणीनं व्रत धरलं.

पहिल्या शुक्रवारी तिनं मौनानं पाणी आणलं. नवऱ्यानं ठोकलेल्या नव्या घंगाळात ओतलं, पोतेरं बुडवलं, आणि उंबऱ्यापासून पुसत निघाली. आधी ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी देवघर. ओसरीवरच्या धुळीनं पाणी करडं झालं. चुलीपुढच्या राखेनं आणि तेलकटीनं ते काळं झालं. पण ते ओतून द्यायचं तिच्या जिवावर आलं. मौनानं आणलेलं पाणी, देवीच्या नावाचं पाणी, ते दारात कसं टाकायचं? कुणाच्याही पायाखाली यायचं ते! मग तिनं त्याच पाण्यानं देवघर पुसलं. उरलेलं झाकून ठेवलं, आणि दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी त्यानंच घर पुसलं.

तांबट घंगाळात डोकावून म्हणाला, "अगं, या पाण्यात आता म्हैस बसेल. बदल की."

"तुम्हाला नाही कळायचं. व्रताचं आहे ते."

"बरं बाई. माझ्या भट्टीची काजळीसुद्धा याहून उजळ असते, एवढंच म्हणतो."

चार शुक्रवार झाले, सहा झाले. पाऊसकाळ आला, जमीन ओल धरू लागली. आणि एक दिवस दिवा लावताना तांबटिणीच्या लक्षात आलं, की फरशी आरशासारखी चमकतेय, पण सांधे पिवळटलेत. आठव्या शुक्रवारी ते मातकट झाले. दहाव्याला चुलीपाशी काळेच पडले, आणि मोरीच्या कडेनं हिरवट बुरशी धरली.

ती घाबरली. देवी रागावली, दुसरं काय!

तांबटाच्या घरची बाई ती. काळवंडलेलं उजळायची एकच रीत तिला ठाऊक. चिंच कोळली, मीठ घातलं आणि गुडघ्यांवर बसून एकेक सांधा घासला. तांब्याचा हंडा असा घासला की सोन्यासारखा निघतो. सांधेही त्या दिवशी जरा उजळले. तिला किती बरं वाटलं! पण पुढच्या शुक्रवारी पाणी फिरलं आणि सांधे पूर्वीपेक्षा काळे झाले. बोट लावलं तर भुसभुशीत. हळदीकुंकवाला आलेल्या दोघी-तिघी दारातूनच म्हणाल्या, "बसत नाही हो, घाईत आहोत." त्यांतली एक जाताना हळूच बोलली, "लेक येत नाही म्हणतात. या घरात कशाला येईल?"

तांबटिणीनं ते ऐकलं. ती देवघरात जाऊन बसली. रडली नाही. फक्त देवीला म्हणाली, "आई, पाच शुक्रवार उरलेत. एवढं घर मला पांढरं करून दे. काळ्या घरात तिला कोणत्या तोंडानं बोलावू?"

दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर आरोळी आली. "चुना घ्या, चुना! सांधे भरून घ्या!"

एक म्हातारी गाढवावर चुन्याच्या गोणी लादून चालली होती. नखांच्या कडा चुन्यानं खाल्लेल्या, भुवयाही पांढऱ्या. त्या वयानं की चुन्यानं, सांगता यायचं नाही. तांबटीण धावत दारात गेली.

"मावशी, माझे सांधे भरून द्याल? पण एक करा. चुन्यात काजळी कालवा. काळेच सांधे भरा, म्हणजे मळ दिसायचाच नाही."

म्हातारी आत आली. तिनं सांधा नखानं खरवडला, वास घेतला, आणि घंगाळातल्या पाण्याकडे बघितलं. मग उंबऱ्यावर ऐसपैस बसली.

"काळा चुना भरून देते की. सोपं काम आहे. मळ दिसणार नाही, हे खरं. पण जाणार कुठं? असेल तिथंच. फक्त तुला तो आहे हे कळायचं बंद होईल. चालेल?"

"नको," तांबटीण म्हणाली.

"आता मला घर पुसून दाखव," म्हातारी म्हणाली.

तांबटिणीनं पोतेरं बुडवलं, पिळलं आणि फरशीवर फिरवलं.

"थांब. वाकून बघ. मळ दगडावरून सुटला?"

"सुटला."

"गेला कुठं?"

तांबटिणीनं वाकून पाहिलं. दगड स्वच्छ होता. पोतेऱ्याच्या कडेनं काळं पाणी सरकत आलं, सांध्याच्या खाचेत उतरलं, आणि बघता बघता मुरून गेलं.

"अगं बाई, दगड पाणी पीत नाही. चुना पितो. दगड वर, सांधा गव्हाच्या चार दाण्यांएवढा खाली. तू रोज घासतेस, दगड रोज उजळतो, आणि त्याचं काळं रोज सांध्याच्या घशात जातं. पाणी उडून जातं, मळ मागं राहतो. वर तू चिंच चोळलीस. तांब्याला मानवते ती, चुन्याला खाते. पूर्वी घोटभर पीत होता, आता ओंजळभर पितोय. सांधा काही स्वतःहून मळत नाही गं. दोन्हीकडच्या दगडांनी आपलं झटकलं, ते यानं झेललं."

तांबटिणीला लाज वाटली. "मला वाटलं, देवीचं पाणी टाकू नये."

"देवीनं पाणी मळ न्यायला दिलं, घरात साठवायला नाही," म्हातारी हसली. "कुणासाठी चाललंय एवढं?"

"लेकीसाठी." आणि ती सांगायला लागली. शेवंती कशी उड्या मारायची, नाव कधी येते, मुराळी कसा तीनदा रिकामा आला. "विहीणबाई म्हणतात सून नको म्हणते. पोरीला माझा कशाचा राग आला, देव जाणे!"

म्हातारी ऐकत होती. चुना मळत मळत तिनं एवढंच विचारलं, "शेवटची आली तेव्हा काही झालं होतं?"

"काही नाही हो. अगदी क्षुल्लक. मंगळागौरीचं जेवण होतं. विहीणबाई पाटावर बसल्या. पाटाभोवती रांगोळी नव्हती. त्या म्हणाल्या, आमच्या पाटाची रांगोळी वाऱ्यानं नेली वाटतं? पंगतीत सगळ्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, ते काम तुमच्या सुनेकडं होतं हो, तिलाच विसर पडला..."

बोलता बोलता तिची जीभ थांबली.

काम शेवंतीकडं नव्हतंच. रांगोळी तांबटिणीनं स्वतःच काढायची होती. वाटीही भरून ठेवली होती. पुरण करपायला लागलं म्हणून आत धावली आणि विसरली. शेवंती तेव्हा वाढायला उभी होती, हातात तुपाची लोटी घेऊन. तिनं आईकडं पाहिलं. आणि आईनं नजर दुसरीकडं वळवली.

तीन वर्षं ती नजर तांबटिणीला आठवली नव्हती. आता ती फरशीकडे बघत राहिली. या बाजूला एक दगड, त्या बाजूला एक दगड, दोन्ही लखलखीत.

म्हातारी कामाला लागली. तिनं सळईनं जुना चुना बोटभर खोल उकरून काढला. गुळाच्या पाण्यात मळलेला नवा चुना भरला, गोट्यानं घोटून घोटून गुळगुळीत केला. निघताना म्हणाली, "आठ दिवस पुसायचं नाही. पुरता वाळला की वर जवसाच्या तेलाचा हात फिरव, म्हणजे फार पिणार नाही. आणि दर खोलीला पाणी नवं."

"पण मावशी, शुक्रवारी माझं व्रत आहे! घर पुसलं नाही तर मोडेल."

"मोडेल की नाही ते ज्या आईला बोललीस तिला विचार. मला चुन्यातलं कळतं."

शुक्रवार उजाडला. तांबटीण सवयीनं पहाटे उठली, मौन धरलं, घागर घेऊन नदीवर गेली. पाणी भरलं. डोक्यावर घेणार, तोच तिच्या मनात आलं, की हे पाणी आज न्यायचं कुठं? घर तर ओलं करायचं नाही. समोर पहिली नाव सुटायच्या बेतात होती.

तिनं घागर नदीत रिकामी केली, घाटाच्या पायरीवर पालथी घातली, आणि नावेत जाऊन बसली.

नावाडी म्हणाला, "ताई, आज उतारू व्हायचं मनात आलं का? रोज नुसत्या बघता. जायचं कुणाकडं?" तिनं पलीकडच्या तीराकडे बोट केलं. तो म्हणाला, "भांडून निघालात वाटतं घरातून!" तिनं नाही म्हणून मान हलवली, पण तोंड उघडलं नाही. मौन सुटायचं होतं ते एकाच ठिकाणी.

पावसानं उघडीप दिली होती, तेवढ्या उन्हात विहीणबाईंच्या अंगणात चार बायका पापड लाटायला जमल्या होत्या. तांबटिणीला बघून विहीणबाईंनी लाटणं थांबवलं.

"अगंबाई! वाट चुकलात की काय विहीणबाई? या, बसा. पाटाभोवती रांगोळी नाही हं आमच्याकडे. चालेल ना?"

बायका हसल्या. आतल्या दारात शेवंती सूप घेऊन उभी होती. वाळली होती पोर. आईला पाहून तिचे हात थांबले, पण पाय पुढं आले नाहीत.

तांबटीण अंगणातच उभी राहिली. त्या दिवसाचे तिचे पहिले शब्द होते, "रांगोळी मी विसरले होते. शेवंतीचा काही दोष नव्हता. माझी लाज झाकायला मी तिचं नाव पुढं केलं. चार बायकांत केलं, म्हणून चार बायकांत सांगायला आले."

 

विहीणबाईंचा चेहरा उतरला. टोमणा मारायला त्यांना जागाच राहिली नव्हती. त्या लाटण्यावरचं पीठ काढू लागल्या. मग खालच्या मानेनं म्हणाल्या, "मग माझंही ऐका. तुमचा मुराळी तीनदा आला. मी त्याला बाहेरच्या बाहेर सांगितलं, सून नको म्हणते. आणि हिला... हिला सांगितलं, तुझ्या माहेरचं कुणी विचारायलाही येत नाही. पंगतीतला अपमान मला गिळवत नव्हता हो. पण मनाचा कोतेपणा उघडा पडू नये, म्हणून सगळं हिच्यावर घातलं."

आता तुम्हाला वाटेल, शेवंती धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. तसं झालं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"दोघींनी आपापलं घर स्वच्छ ठेवलंत," ती म्हणाली. "मी कुठं जायचं होतं?"



तांबटीण पुढं झाली, लेकीच्या गालावरून हात फिरवला. शेवंतीनं तो फिरवू दिला. मग हळूच म्हणाली, "आत्ता नाही येत, आई. मला थोडे दिवस दे."

"हवे तेवढे घे," तांबटीण म्हणाली, आणि परतली.

घाटावर तांबट बसला होता, पालथ्या घागरीशेजारी. डोळे लाल. "सकाळी घागर अशी पाहिली आणि माझं काळीजच गेलं. नदीत तीनदा उतरलो मी! बोलून तरी जायचंस!"

"मौन होतं ना हो," ती म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला हसू आलं. मग रडूही आलं.

उरलेले शुक्रवार तिनं पाळले. खोलीगणिक नवं पाणी घेतलं, आणि मळकं पाणी दरवेळी स्वतःच्या हातानं उचलून परसातल्या केळींना घातलं. जड जायचं, चार खेपा पडायच्या. पण सांधे पांढरे राहिले. ते बघायला शेजारणी आल्या, बसल्या, चहाड्या करून गेल्या. तांबटिणीचं लक्ष नावेकडं.

गौरी आल्या. तिनं दारापासून देवघरापर्यंत पावलं काढली, पुरणाचा नैवेद्य केला, आणि एक पान जास्त वाढलं. संध्याकाळची नाव आली, शेवटची बाई उतरली, नावाड्यानं दोर बांधला. गौरी जेवल्या, पूजेचे दोरे बांधून झाले, गौरी गेल्या. शेवंती आली नाही.

तांबटिणीनं देवीला बोल लावला नाही. म्हणाली, "आई, माझं मी केलं. तिचं तिला करू दे." तरी रात्रीच्या भाकऱ्यांत एक उंडा जास्त झालाच.

आश्विनातला एक साधा दिवस. ना सण, ना वार. दुपारी तांबटीण माजघर पुसत होती. ओसरीवर नवऱ्याच्या हातोडीचे ठोके चालले होते. ठक, ठक, ठक. आणि मधेच ते थांबले.

तिनं मान वर केली.

उंबऱ्यावर शेवंती उभी होती. नदीकाठच्या चिखलानं घोट्यापर्यंत भरलेली. हातात बोचकं.

"आई, पाय घाण आहेत गं. तू आत्ताच पुसलंयस."

"ये गं," तांबटीण म्हणाली.  "फरशी काय, पुन्हा पुसता येते."

शेवंती आत आली. ओल्या काळ्या फरशीवर, पांढऱ्या सांध्यांवर, तिची चिखलाची पावलं उमटत गेली, थेट आईपर्यंत. त्या दिवशी ती फरशी कुणी पुसली नाही.

पुढं त्या नगरीत एक रीतच पडली. लग्न लागलं की दोन्ही विहिणी आधी एकमेकींना म्हणतात, "काही चुकलं तर ते आमचं म्हणा, पोरीचं नको." आणि म्हणून, असं सांगतात, त्या नगरीतल्या लेकींची पावलं माहेरी यायची कधी थांबली नाहीत. तांबटिणीची आस जशी उशिरा का होईना पुरी झाली, तशी वाट बघणाऱ्या प्रत्येक आईची होवो.

तात्पर्य: आपला मळ आपणच उचलून बाहेर टाकावा, तो जोडणाऱ्यावर ढकलला, तर दोन्ही बाजू उजळ दिसतात आणि मधला जोडणारा काळवंडतो.